बदली धर्मबाप

माणूस कशात कसा अडकेल, काही सांगता येत नाही. काचवाला अडकला तो चर्चच्या एका फुटक्या खिडकीपायी.

त्या दिवशी तो शिडीवर होता. वेदीच्या उजव्या अंगाची खिडकी, तिचं वरचं तावदान तडकलेलं. जुनी लांबी, म्हणजे काच पक्की बसवायचा लगदा, खरवडायची, खाच साफ करायची, नवं तावदान बसवून कडेनं लांबी दाबायची, एवढंच काम. उपासनेच्या आधी आटपेल असा त्याचा अंदाज, पण चौकटच वाकडी निघाली. खाली माणसं जमायला लागली तरी हा आपला वर, कानावर पेन्सिल, बोटांना लांबी, आणि उतरावं तर सगळ्यांच्या नजरा.

खाली बाप्तिस्मा होता. बाळ लॉरी ड्रायव्हरचं, मुलगी. ड्रायव्हर म्हणजे काचवाल्याचा शाळेपासूनचा दोस्त. एका बाकावर बसून, एकमेकांचं बघून लिहून, दोघं मिळून नापास झालेले. बाळाचा धर्मबाप व्हायचं होतं तिच्या मामाला. बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाला काही बोलता येत नाही, म्हणून त्याच्या वतीनं देवासमोर जो बोलतो आणि पुढं त्याचा भार उचलतो, तो धर्मबाप. मामानं त्यासाठी नवा कोट शिवला होता. कोट तयार झाला आणि बस चुकली. थोरले पाळक सर्दीनं बेजार, उपासना संपली की लगेच एक दफन, आणि बाळानं रडून चर्च डोक्यावर घेतलेलं. पाळकांनी दाराकडं पाहिलं, घड्याळाकडं पाहिलं, मग वर पाहिलं.

"तुझं दृढीकरण झालंय ना रे?"

"झालंय की," काचवाला शिडीवरूनच म्हणाला. धर्मबापानं आपल्यासाठी दिलेलं वचन कळत्या वयात आपण स्वतःच्या तोंडानं घ्यायचं आणि बिशपसाहेबांनी डोक्यावर हात ठेवायचा, याला दृढीकरण म्हणतात. ज्याचं ते झालं नाही त्याला धर्मबाप होता येत नाही.

"मग उतर खाली. मामाच्या बदली उभा राहा."

असं बदली उभं राहायची पद्धत होती, नाही असं नाही. फक्त पाळकानं आधी मोठ्यानं सांगायचं असतं की हा माणूस अमक्याच्या वतीनं बोलतोय, वचन त्या अमक्याचं आहे. थोरल्या पाळकांनी नाक पुसलं, चष्मा चढवला आणि नेमकं तेवढंच विसरले. सरळ प्रश्नालाच हात घातला. हे लेकरू स्वतःच्या तोंडानं वचन घेईल त्या दिवसापर्यंत, आईबाप असोत वा नसोत, तू त्याला सांभाळशील का? देवाच्या वाटेवर चालवशील का? लांबीचे हात पाठीमागं लपवून काचवाला उभा होता.

"हो," तो म्हणाला. "देवाच्या मदतीनं, करीन."

मामा पोचला तेव्हा केक कापून झाला होता. सगळे पोट धरून हसले. ड्रायव्हरनं काचवाल्याच्या पाठीत धपाटा घातला, "सुटलास रे बाबा, आला खरा धर्मबाप," म्हणाला. काचवाल्यानं केकचा तुकडा तोंडात टाकला आणि परत शिडी चढला. तावदान अजून तसंच होतं.

पोरीला सगळे चिमी म्हणायला लागले. ती शाळेत जायला लागली त्याच वर्षी ड्रायव्हरची लॉरी घाटात उलटली. बायकोही बरोबर होती. माहेरी सोडतो म्हणून घेऊन गेला होता. चिमी तेवढी शेजाऱ्यांकडं राहिली होती, म्हणून वाचली. मामा तोवर परदेशात नोकरीला लागलेला. त्याचा काचवाल्याला फोन आला. बोलताना तो रडला, आणि खरंच रडला, मग म्हणाला, "माझी फार इच्छा आहे हो, पण इथं आम्ही सहाजण एका खोलीत राहतो. तुम्हीच काय ते बघा." हात झटकायचे तर असे झटकावेत, आवाजसुद्धा होत नाही. पुढं त्याचा फोन वर्षाकाठी एकदा यायचा, मग तोही बंद झाला.

दोस्ताच्या शवपेटीवर माती टाकताना काचवाल्याला रडू यायला हवं होतं. नाही आलं. हात अंगाखाली चेंगरून झोपलं की उठल्यावर तो आपला वाटत नाही, तसं त्याला सगळं अंगच वाटत होतं. हाताला निदान नंतर मुंग्या येतात आणि तो ठिकाणावर येतो. याचं काही ठिकाणावर आलं नाही. मला विचाराल तर त्या दिवशी जे आत निजलं ते निजलंच.

चर्चच्या अनाथाश्रमात चिमीची सोय होत होती. आश्रम चांगला होता, उगाच नावं ठेवण्यात अर्थ नाही. तरी काचवाला पाळकांकडं गेला. थोरले पाळक देवाघरी गेले होते. आता नवे पाळक होते, तरुण, मनमोकळे, समोरच्याला आधी चहा देणारे.

"मी तिचा धर्मबाप लागतो का?" काचवाल्यानं विचारलं.

नव्या पाळकांनी सगळं ऐकून घेतलं. "छे हो. तुम्ही बदली होतात, सगळ्या मंडळीला ठाऊक आहे. देव माणसाचा हेतू बघतो. तुमचा हेतू काय होता?"

"हेतू कसला, मी शिडीवर होतो."

"झालं तर मग. तुमच्यावर काही बंधन नाही. मी पाळक म्हणून सांगतो, तुम्ही मोकळे आहात."

काचवाल्यानं चहा संपवला, कप खाली ठेवला. "मोकळा असीन," तो म्हणाला. "पण हो म्हणालं ते तोंड माझंच होतं. मामाचं तोंड तर तेव्हा मागच्या बसमध्ये होतं."

पाळकांना हसू आलं. मग काचवाल्याचा चेहरा बघून त्यांनी ते आवरलं. शपथ कधीकधी फसवून घेतली जाते, घाईत घेतली जाते, तरी देवाचं नाव घेऊन दिलेला शब्द तो शब्दच, असं शास्त्रात आहे हे त्यांनाही माहीत होतं, त्यावर त्यांनी प्रवचनं केली होती. पण प्रवचन करणं निराळं आणि असा माणूस समोर खुर्चीत येऊन बसणं निराळं.

आता यात एक बाई होती, तिचं सांगायला हवं. काचवाल्याच्या दुकानाला लागून शिवणाचं दुकान, मधे एकच भिंत. तिथली टेलरबाई. दोघांचं ठरलं होतं. तारीख तेवढी पडायची होती. भिंतीपलीकडून तिचं मशीन चालायचं, अलीकडून याची काच कापायची हिरकणी करकरायची, आणि मशीन थांबलं की हा समजायचा, चहाची वेळ झाली.

"मी काय म्हणणार," टेलरबाई त्याला म्हणाली. "तू शब्द दिलायस, तू पाळ. पण मी माझ्या पाठच्या पाच भावंडांना वाढवलं, आई अंथरुणाला खिळलेली असताना. शेंबूड पुसण्यात माझं तरुणपण गेलं. आता सहावं मूल माझ्यानं होणार नाही. मी वाईट बाई नाही, दमलेली बाई आहे."

"मला माहीत आहे."

"ती मोठी होऊन स्वतःचं वचन घेईल तेव्हा तुझं फिटेल ना?"

"फिटेल. दृढीकरण झालं की धर्मबाप सुटतो."

"मग थांबते," ती म्हणाली, आणि कात्री उचलली. बोलून मोकळं होणारी माणसं पुष्कळ असतात. ही खरंच थांबली.

काचवाला चिमीला घेऊन आला. मागच्या खोलीत, काचेच्या पेट्या होत्या तिथं, तिची खाट टाकली. पेट्यांवर जुनी पोती लावली, तिनं हात घालू नये म्हणून. तिनं पहिल्या आठवड्यातच हात घातला. काचवाल्यानं रक्त धुतलं, पट्टी बांधली, रागावला नाही, कुरवाळलंही नाही. पोरगी मोठी नाठाळ. शाळेत पोरांच्या कानशिलात द्यायची, दूध मोरीत ओतायची, "तुम्ही माझे पप्पा नाही" हे दिवसातून दहादा ऐकवायची. "नाहीच," काचवाला म्हणायचा आणि ब्रेडवर अंडं घालून पुढं ठेवायचा. ती त्याला काका म्हणायची.

केसातल्या उवा त्यानं काढल्या. गोवर आला तेव्हा दुकान बंद ठेवून उशाशी बसला. शाळेच्या पालकसभेला गेला, बायकांच्या घोळक्यात एकटाच पुरुष, बाई काय सांगतात ते मान खाली घालून ऐकून आला. रोज झोपण्याआधी तिच्याकडून प्रार्थना म्हणून घेतली, रविवारी चर्चला नेलं, तिसऱ्या बाकावर, खिडकीच्या बाजूला. लोक म्हणायचे, "बघा, परक्या पोरीला किती जीव लावलाय." यातलं जीव लावणं खोटं होतं, बाकी सगळं खरं होतं. काचवाला ताप उतरला की नाही बघायला तिच्या कपाळावर हात ठेवायचा तेव्हा त्याला कपाळ गरम लागायचं, एवढंच. माया यावी म्हणून त्यानं वाट पाहिली होती, सुरुवातीला प्रार्थनाही केली होती. आली नाही. मग त्यानं वाट बघणं सोडून दिलं, आणि कामाला जुंपून घेतलं. प्रार्थना करताना तरी काही वाटायचं का? तेही नाही. गुडघे दुखायचे.

एक मात्र होतं. "नेईन" म्हटलं की तो न्यायचा. एकदा सर्कशीला नेईन म्हणून बसला आणि त्या दिवशी स्वतःच तापानं फणफणला. तरी गेला. तंबूत शेजारच्या माणसाच्या खांद्यावर मान टाकून झोपला, पण गेला. चिमी घरी येऊन म्हणाली, "काका, उद्या गेलो असतो तरी चाललं असतं की." काचवाला म्हणाला, "आज म्हटलं होतं ना." पोरीनं यावर काही वाद घातला नाही, आणि ती वाद न घालणारी पोरगी नव्हती.

अशी वर्षं गेली. भिंतीपलीकडं टेलरबाईचे केस पिकले, सुईत दोरा ओवायला तिला चष्मा लागला. काचवाल्याला वाकलं की उठवेना. आणि चिमी दृढीकरणाच्या वयाला आली.

सगळं कसं जुळून आलं होतं. चर्चचं परिचारिका विद्यालय होतं, राहायला हॉस्टेल, शिकणं फुकट. अट एकच, मुलीचं दृढीकरण झालेलं हवं. चिमीलाही नर्सच व्हायचं होतं. कुणाची पट्टी सुटली की ही आधी धावायची. म्हणजे रविवारी बिशपसाहेबांसमोर हो म्हणायचं, सोमवारी पेटी उचलून हॉस्टेलला. टेलरबाईच्या भावानं दुसऱ्या गावी दुकान बघून ठेवलं होतं आणि तिला बोलावून बोलावून तो थकला होता. तिनं काचवाल्याला स्पष्ट सांगितलं, "रविवारी ती हो म्हणाली की मी भावाला नकार कळवते आणि तुझ्या घरात येते. नाही म्हणाली तर मी जाते. आता आणखी थांबायचं बळ नाही रे माझ्यात."

"नाही कशाला म्हणेल?" काचवाला म्हणाला.

शनिवारी दुपारी चिमी दुकानात आली. काचवाला एका कपाटाच्या दाराची काच कापत होता. पट्टी लावून हिरकणी ओढायची तर मधे थांबून चालत नाही, हे तिला ठाऊक होतं. त्यानं रेघ पुरी केली, काच टेबलाच्या कडेवर आणून टक्कन मोडली, मग ती बोलली.

"काका, मी उद्या हो म्हणणार नाही."

भिंतीपलीकडं मशीन चालू होतं.

"का?"

"ते विचारणार, तू विश्वास धरतेस का? आणि मरेपर्यंत पाळशील का? वर्गात पाळकसाहेब रोज घोकून घेतात. सगळ्या मुली पटापट म्हणतात. मी आत बघते तर मला माहीतच नाही. खरंच माहीत नाही, काका. मग मी देवासमोर हो कसं म्हणू?"

"हॉस्टेल जाईल."

"जाऊ दे. दवाखान्यात साफसफाईला घेतात."

काचवाल्यानं काचेची धार दगडावर घासायला घेतली. चिमी जवळ आली. "टेलरबाईंचं मला माहीत आहे," ती म्हणाली. "मी आंधळी नाही. तुम्ही सांगा. तुम्ही सांगितलं तर म्हणेन मी. माझ्यासाठी तुम्ही इतकं केलं, मी एक हो नाही म्हणू शकत? जिभेला काय हाड असतं?"

आता बघा. एका शब्दाचा प्रश्न होता. "म्हणून टाक पोरी" एवढं बोलला असता तर सुटला असता. मंडळीतल्या कुणी दोष दिला नसता, पाळकांनी तर पाठ थोपटली असती. सगळीच पोरं म्हणून टाकतात, विश्वास मागाहून येतो, असंच ते म्हणत. म्हातारपणी घरात एक माणूस आलं असतं, भिंतीपलीकडचं मशीन भिंतीअलीकडं आलं असतं. मी असतो तर बोललो असतो, खोटं कशाला सांगू. काचवाल्यानं धार घासून संपवली, फडक्यानं पुसली, काच भिंतीला टेकवून ठेवली.

"देवाला द्यायचा शब्द माझ्यापायी द्यायचा नसतो," तो म्हणाला.

"मग काय करू?"

"मनात नसेल तर म्हणू नकोस."

चिमी खाली पोत्यावर बसली. "तुम्हाला वाटतं का काही? चर्चमध्ये?"

"नाही."

"कधीच?"

"लहान होतो तेव्हा वाटायचं. तुझा बाप गेला त्यानंतर नाही."

"मग तुम्ही कसं पाळलंत इतकी वर्षं?"

असं त्याला कुणी विचारलं नव्हतं. "मला काय वाटतं ते कुणी विचारलंच नव्हतं," तो म्हणाला. "करशील का, एवढं विचारलं होतं. करायला जमत होतं, म्हणून केलं. तुला मात्र विश्वास विचारणार आहेत. तो नसताना हो म्हणालीस तर ते पहिल्याच दिवशी मोडल्यासारखं होईल. मोडलेलं मग काय पाळणार?"

"माझ्यावर माया तरी होती का तुमची?" तिनं अगदी हळू विचारलं.

खोटं बोलायला हीच वेळ बरी होती, पण खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. "मला कळत नाही, चिमे," तो म्हणाला. "या निबर बोटांना कापलेलं कळत नाही ना, तसं. कापलेलं नसतं असं नाही."

ती रडली. काचवाल्यानं तिला पाणी दिलं आणि कपाटाची काच घेऊन गिऱ्हाइकाकडं गेला, कारण शनिवारी देतो म्हणून सांगितलं होतं.

रविवारी चर्च गच्च भरलं होतं. पांढऱ्या कपड्यातल्या मुली पुढं एका रांगेत, त्यांचे धर्मबाप आणि धर्ममाता मागं उभे. चिमी निळ्या फ्रॉकमध्ये तिसऱ्या बाकावर, काचवाल्याशेजारी. नवे पाळक दोनदा येऊन कानाशी कुजबुजून गेले. दुसऱ्यांदा काचवाल्यालाच म्हणाले, "अहो, तुम्ही तरी समजवा. तुमचा एक शब्द ऐकेल ती."

"म्हणून तर बोलत नाही," काचवाला म्हणाला.

बिशपसाहेब रांगेतून पुढं सरकत गेले. एकेक मुलगी हो म्हणाली, एकेकीच्या डोक्यावर हात ठेवला गेला. टेलरबाई मागच्या बाकावर होती. तिनं खास आजसाठी शिवलेला गुलाबी ब्लाउज घातला होता. रांग संपली. बिशपसाहेबांनी आशीर्वाद दिला आणि लोक गाणं म्हणायला उभे राहिले. काचवालाही राहिला. त्याला गाण्याचे शब्द पाठ होते.

बाहेर पायऱ्यांवर टेलरबाई थांबली होती. चिमी पुढं जाऊन फाटकाशी उभी राहिली.

"तूच सांगितलंस तिला, म्हणू नकोस म्हणून?"

"हो."

"मी कोण होते रे तुझी?" टेलरबाईनं विचारलं. आवाज चढला नाही, तिला चढवताच आला नाही. "इतकी वर्षं मी तुझ्यासाठी थांबले. तू एक वर्ष तरी कुणासाठी थांबलास का? तू नुसता पाळत बसलास."

ती खरं बोलत होती. ती अजून थोडी उभी राहिली. त्यानं हात पुढं केला असता तर तिनं धरला असता असं मला आजही वाटतं. त्या क्षणी तरी त्याला काही वाटावं, अंग थरथरावं, डोळ्यात पाणी यावं. काहीही झालं नाही. मला तर त्याला धरून गदागदा हलवावंसं वाटतं. तिनं पर्स काखेत धरली आणि पायऱ्या उतरून गेली. मंगळवारी तिच्या दुकानाला कुलूप लागलं. काचवाला त्या दुपारी हिरकणी हातात घेऊन बसून राहिला, चहाची वेळ कधी झाली ते त्याला समजलं नाही.

पण हे मंगळवारचं. रविवारी तो आणि चिमी नेहमीच्या रस्त्यानं घरी आले. ती सारखी डोळे पुसत होती. कुलुपापाशी आल्यावर म्हणाली, "काका, मी म्हणायला हवं होतं. तुम्ही सुटला असतात."

"मनात नव्हतं ना तुझ्या?"

"नव्हतं."

"मग बरोबर केलंस."

"आता तुम्ही कधी सुटणार?"

"तू खरं खरं म्हणशील तेव्हा."

"आणि मी कधीच नाही म्हटलं तर?"

काचवाल्यानं किल्ली फिरवली, दार लोटलं, आणि तिला आत जाऊ द्यायला बाजूला झाला.

"तर नाही," तो म्हणाला. "हात धू. अंडी करतो."